एकाच जीपमधल्या तीन मंडळ्या

गाडीत बसलेली माणसं ड्रायव्हरला स्टेअरिंगचाच एक भाग समजतात. त्यामुळं होतं काय, की घरच्यांसमोर जे बोलायची छाती होत नाही ते आमच्या पाठीमागं बसून बिनघोर बोलतात. भावाभावांचे वाद, ठरलेली आणि मोडलेली लग्नं, साहेबांच्या बदल्या, सगळं मी मानेमागून ऐकलंय. ऐकायचं आणि संध्याकाळी गाडी पुसताना त्याच फडक्यानं तेही पुसून टाकायचं, ही आमच्या धंद्याची शिस्त. ती मी उभी हयात पाळली. एक गोष्ट मात्र पुसता आली नाही. बिस्मिल्ला म्हणून गाडी चालू करणाऱ्या माणसानं ख्रिस्ती लोकांची गोष्ट का सांगावी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच, की तेव्हा गाडी मीच चालवत होतो.

मी रशीद, उदगीरचा. वडील टांगा हाकायचे. मी त्या भागातल्या एका मिशनच्या दवाखान्यात जीपवर लागलो. महिंद्राची जीप होती, माझ्याहून थोडीच लहान असेल. तिचा सेल्फ कायम मेलेला. गाडी उभी करायची तर उतार बघून, म्हणजे सोडली की घरंगळत चालू होते. आजही मी कुठं गेलो की आधी जमिनीचा उतार बघतो, मग माणसांची तोंडं. बायको म्हणते, लग्नात मांडवात आलात तेव्हाही तुम्ही खालीच बघत होतात.

दवाखान्यात लागेपर्यंत माझा समज होता की ख्रिश्चन म्हणजे सगळे एकच. बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटतं. तुम्हालाही सगळे मुसलमान एकच वाटत असतील. आत गेल्यावर कळतं की आपल्यासारखंच तिकडंही आहे. ते चर्चला ‘मंडळी’ म्हणतात आणि एका गावात दहा घरं असली तरी मंडळ्या दोन-तीन असतात. माझ्या गोष्टीत तीन आहेत आणि तिन्हींचं एकेक माणूस आहे. तेवढी तीन ध्यानात ठेवा.

पहिले आमच्या मिशनचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, भालेरावसाहेब. उंच, सडपातळ, पेटी वाजवून भजनाच्या चालीवर गाणारे. भेटले की ‘सलाम’ म्हणायचे. त्यांच्या जुन्या लोकांत तशीच पद्धत. पहिल्या दिवशी मी बेसावध असताना ‘वालेकुम’ म्हणून गेलो, तर मोठ्यानं हसले. दुसरे कॅथलिक फादर अल्बर्ट. केरळचे, मराठी लातुरात शिकले. पुस्तकातून शिकल्यामुळं शेळीलाही ‘तुम्ही बाजूला व्हा’ म्हणायचे. तिसरे ब्रदर सामुवेल, नायगावकडचे. धंद्यानं गवंडी. त्यांची मंडळी नवी, त्यांनी स्वतःच उभी केलेली. ते नदीत बुडवून बाप्तिस्मा द्यायचे, हात वर करून मोठ्या आवाजात प्रार्थना करायचे, आणि त्यांच्या मंडळीत कुणी औषध घेत नसे. देवावर विश्वास असेल तर गोळी कशाला, असं त्यांचं शिकवणं होतं.

या तिघांचं एकमेकांशी जमत नव्हतं म्हणणं म्हणजे सौम्यच झालं. आमच्या साहेबांचं म्हणणं, सामुवेल आमची माणसं पळवतो. ब्रदरचं म्हणणं, हे दोघंही झोपलेत, म्हणून माणसं उठून जातात. फादर कुणाला वाईट बोलत नसत, पण रस्त्यात ब्रदरची सायकल दिसली की त्यांना एकदम शेतातली ज्वारी बघावीशी वाटायची. औषधाच्या बाबतीत तर साहेब गाडीत बसल्या बसल्या संतापायचे. हा माणूस एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचा शब्द मला पाठ होता.

मग भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले, त्या पहाटेचा. आमच्या उदगीरला फळीवरची भांडी खाली आली. किल्लारीकडं काय झालं ते उजाडल्यावर हळूहळू कळत गेलं आणि जे कळलं त्यावर विश्वास बसेना.

दोन-तीन दिवसांत तिकडं जाणारे सगळे रस्ते गाड्यांनी भरले. निम्म्या मदतीच्या, निम्म्या बघ्यांच्या. पोलिसांनी नाके लावले आणि पासाशिवाय गाडी सोडेनात. अशा एका नाक्यावर आमची जीप अडकली. जीपमध्ये साहेब आणि मलमपट्टीचं सामान. शेजारी फादरांचा टेम्पो, तांदूळ आणि घोंगड्यांनी भरलेला. आणि थोड्या वेळानं पायी, चिखलानं माखलेले, खांद्याला पिशवी लावलेले ब्रदर. त्यांच्या मंडळीची काही घरं पुढच्या गावात होती. ती आहेत की नाहीत हे बघायला ते निघाले होते.

नाक्यावरचा जमादार तीन रात्री झोपलेला नसावा. डोळे लाल, आवाज बसलेला. प्रत्येकाला एकच सांगत होता, एका समाजाची एकच गाडी सोडणार. साहेबांनी त्याला समजावलं की आम्ही तिघं वेगळे आहोत, आमच्या संस्था वेगळ्या, कारभार वेगळा. जमादारानं तिघांकडं एकदा पाहिलं.

‘‘येशूचेच ना तुम्ही? मग येशू काय तीन हायत का? बसा एका गाडीत, न्हाई तर वापस जावा.’’

मोठमोठ्या विद्वानांना जे जमलं नसेल ते त्या जमादारानं शिट्टी तोंडात धरून केलं. टेम्पोतलं जमेल तेवढं सामान जीपमध्ये भरलं. पुढं कोण बसणार यावरून थोडा वेळ ‘तुम्ही बसा, नाही तुम्ही बसा’ चाललं. शेवटी फादर पुढं, साहेब मागं आणि ब्रदर घोंगड्यांच्या ढिगावर. निघण्याआधी प्रार्थना कुणी करायची हा प्रश्न निघणार होता, पण मागं गाड्यांचे भोंगे सुरू झाले. त्यात ती जागा सपाट. म्हटलं, साहेब, प्रार्थना मागून, आधी धक्का मारा.

तिघं उतरले आणि मागून जीप ढकलायला लागले. फादरांचा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला. ब्रदर गवंडी माणूस, त्यांचा जोर जास्त, त्यामुळं गाडी तिरपी जायला लागली तर साहेब त्यांना ओरडून सांगायला लागले. तीन मंडळ्यांनी एका दिशेनं जोर लावलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, आणि तोही आरशात. गाडी चालू झाली.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं आहेत अजून, त्यांना त्यांचं दुःख परत छापून दाखवायचं कारण नाही. मातीत बसवलेल्या दगडांची जाड भिंतींची घरं होती, ती सगळी खाली बसली होती. गल्ली कुठली आणि घर कुठलं ते कळत नव्हतं. वरून पाऊस. जवान ढिगारे उपसत होते. आम्ही सामान उतरवलं आणि ब्रदर आपली माणसं शोधायला लागले. पुष्कळ सापडली नाहीत. राहेलबाई सापडल्या.

राहेलबाई म्हणजे ब्रदरच्या मंडळीतली विधवा बाई. शेताच्या बांधावर ताडपत्रीखाली बसली होती. मुलगा गेला, सून गेली. मांडीवर वाकळीत गुंडाळलेली नात, करुणा, चार-पाच वर्षांची. दवाखान्याच्या गाडीवर काम केलेल्या माणसाला एक वास ओळखता येतो. मी जवळ गेलो आणि मला तो आला. मी साहेबांच्या कानात सांगितलं. साहेबांनी वाकळ बाजूला केली. पोरीच्या उजव्या पायावर दगड पडला होता. त्यावर हळद दाबून चिंधी बांधलेली आणि पाय घोट्याच्या वर काळा पडत चाललेला. अंगात सणसणून ताप. जवानांचे डॉक्टर तिथं येऊन गेले होते, पण राहेलबाईंनी प्रत्येक वेळी पोरीला वाकळीत झाकून ठेवलं होतं.

बाई आमच्याकडं बघतच नव्हत्या. त्या ब्रदरकडं बघत होत्या.

‘‘ब्रदर, तुमीच शिकिवलं, दवा घ्यायची न्हाई. मी न्हाई घेतली. आता तुमीच सांगा.’’

मला वाटलं, झालं, आता इथं भांडण पेटणार. साहेब कित्येक वर्षं जे म्हणत आले होते ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बघ सामुवेल, एवढे दोन शब्द म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. मी असतो तर दोनावर थांबलो नसतो, शिव्या घातल्या असत्या. साहेब त्या चिखलात खाली बसले.

‘‘सामुवेल,’’ ते म्हणाले, ‘‘तू प्रार्थना कर. आम्ही तुझ्या मागून म्हणतो.’’

फादरही गुडघे टेकून बसले. ब्रदरनी हात वर केले तसे या दोघांनीही वर केले. फादरांना ती सवय नाही हे दिसत होतं, भिंतीला चुना लावावा तसे त्यांचे हात वर जाऊन अडखळले होते. ब्रदर मोठ्यानं एकेक वाक्य म्हणत होते आणि ज्यांनी त्यांच्या या मोठ्या आवाजाची माझ्या गाडीत बसून टिंगल केली होती ते साहेब तितक्याच मोठ्यानं ते वाक्य परत म्हणत होते. मी पावसात उभा. पोर चालली आणि हे काय करून राहिलेत असं वाटत होतं. आणि तरी सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. भांडणाऱ्या माणसांनी तोंडानं माफी मागितलेली मी पाहिली होती. दुसऱ्याच्या प्रार्थनेत असं शिरून बसलेली पाहिली नव्हती.

ब्रदरचा आवाज मध्येच थांबला. त्यांनी हात खाली घेतले. मग उठले आणि वाकळीसकट पोरीला उचललं. राहेलबाईंनी त्यांची बाही धरली.

‘‘मावशी,’’ ब्रदर म्हणाले, ‘‘हे चुकीचं आसंल तर देव मला इचारील. तुला न्हाई इचारणार.’’

बाही सुटली. ते पोरीला घेऊन जीपकडं चालायला लागले आणि बाई त्यांच्या मागून.

लातुरात दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एका थकलेल्या डॉक्टरनं पाय बघितला, तिथल्या तिथं इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, थांबू नका, नांदेड गाठा. मी चाकूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता धरला. आता ड्रायव्हरकीतली एक गोष्ट सांगतो. रुग्ण गाडीत असला की खड्ड्यात ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक खड्ड्याच्या आधी दाबायचा आणि चाक खड्ड्यात उतरताना सोडून द्यायचा, म्हणजे गाडी आपटत नाही, झोका घेते. हे जमायला वर्षं लागतात. त्या दिवशी मी माझ्या हयातीतली सगळ्यात चांगली गाडी चालवली. बघायला कुणी नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

मागं पोर ब्रदरच्या मांडीवर. फादर जपमाळ ओढत होते, साहेब हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होते, ब्रदर डोळे मिटून पुटपुटत होते. पोर कण्हायला लागली की राहेलबाई म्हणायच्या, सगळे मिळून काहीतरी म्हणा की. तर येशूनं शिकवलेली एक प्रार्थना आहे, ती सगळ्या मंडळ्यांत चालते. ती त्यांनी धरली. सगळं नीट चाललं होतं, पण शेवटी फादर आमेन म्हणून थांबले आणि दोघं पुढंच निघाले. मला वाटलं, हे चुकले. मागून कळलं की फादरांच्या लोकांची प्रार्थना एक ओळ आधी संपते, या दोघांची एक ओळ पुढं जाते. तिघंही ओशाळले. थोड्या वेळानं परत तीच प्रार्थना धरली. या वेळी ते दोघं फादरांसाठी म्हणून आधीच थांबले, आणि फादर त्यांच्यासाठी म्हणून पुढची ओळ म्हणायला लागले, एकटेच. चूक परत झाली, फक्त उलट बाजूनं.

राहेलबाई म्हणाल्या, ‘‘नीट म्हना की वं.’’

एवढ्या दुःखात मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आरसा धूसर दिसायला लागला. मी तो बाहीनं पुसला, तेव्हा कळलं की धूसर आरसा नव्हता.

नांदेडला डॉक्टरांनी सांगितलं, पोर वाचेल, पण पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. आणि आपल्या तंद्रीत, मुद्दाम नाही, ते एवढंही बोलून गेले की आधी आणली असती तर पाय राहिला असता. हे राहेलबाईंनी ऐकलं. ब्रदरनीही ऐकलं. बाईंनी संमतीच्या कागदावर अंगठा दिला आणि भिंतीकडं तोंड फिरवून बसल्या. ब्रदर दाराशी उभे होते. त्यांच्याकडं त्यांनी पाहिलं नाही, आणि त्या दिवसापासून त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

ब्रदरच्या वाट्याला तेवढंच आलं असं नाही. नायगावला त्यांच्या मंडळीची बैठक बसली. औषधाविरुद्ध शिकवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पोर दवाखान्यात नेली, आता याचं काय ऐकायचं, असं म्हणून लोकांनी ब्रदरना बाहेर काढलं. त्या मंडळीची पत्र्याच्या छपराची प्रार्थनेची शेड ब्रदरनी स्वतः विटा रचून बांधली होती. त्यांनी परत थापी हातात घेतली आणि भूकंपग्रस्तांच्या नव्या गावांत घरं बांधायला गेले. गंमत बघा, स्वतः मात्र आयुष्यात त्यांनी गोळी घेतली नाही. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, माझा नेम माझ्यापुरता, तो लेकराच्या गळ्यात बांधायचा नव्हता.

आमच्या भालेरावसाहेबांनी त्यांना आपल्या चर्चमध्ये बोलावून बोलायला उभं केलं. साहेबांच्याच मंडळीतली काही वजनदार माणसं उठून बाहेर गेली. साहेबांना वरून बोलणी बसली, ती मी मानेमागून ऐकली. पुढच्या महिन्यात साहेबांनी ब्रदरना परत बोलावलं. फादरांनी आपल्या बांधकामांवर त्यांना काम दिलं. एका जीपची त्या तिघांना सवय लागली ती लागलीच. जळकोट, रेणापूर, निलंगा, कुठं काही दुखलं-खुपलं की तिघं मिळून निघायचे. वाद व्हायचे. बाप्तिस्मा कसा द्यायचा यावरून अहमदपूर ते शिरूर असा अख्खा रस्ता संपलेला मला आठवतो. पण वाद घालत का होईना, जायचे एकत्र.

काही वर्षांनी लातूरचं रूपच पालटलं. बारावी आणि सीईटीच्या क्लासेससाठी सगळ्या मराठवाड्यातून पोरं येऊन पडायला लागली. गल्लीगल्लीत मेस, प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. त्यात खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती घरांतलीही पोरं होती. राहायला जागा मिळेना, एका मंडळीच्या ऐपतीत वसतिगृह बसेना. तेव्हा तिघांनी मिळून ते काढलं. बांधलं ब्रदरनी. मी तोवर दवाखाना सोडून तिथं मिनीबसवर आलो.

पोरांची अडचण निराळीच होती. क्लासवाल्यांची परीक्षा नेमकी रविवारी सकाळी. म्हणजे प्रार्थनेची वेळ आणि पेपरची वेळ एकच. घरून आयांचे फोन, चर्चला गेलास का. मग तिघांनी रविवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या हॉलमध्ये एकच प्रार्थना सुरू केली, सगळ्या मंडळ्यांच्या पोरांसाठी. तिथं शेवटच्या ओळीचंही ठरलं, फादर दोघांबरोबर ती म्हणतात. मी गल्ल्यागल्ल्यांतून पोरं गोळा करून आणायचो. एक पोरगा बसमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत केमिस्ट्रीच पाठ करायचा आणि प्रार्थनेतही ओठ तेच म्हणत असावेत असा मला दाट संशय होता.

दहावी झाल्यावर करुणा तिथं आली. उजव्या पायाला जयपूर फूट, नांदेडच्या शिबिरात बसवलेला. चालायची अशी की माहीत नसणाऱ्याला कळू नये. डॉक्टर व्हायचं होतं तिला. झाली नाही ती, मार्क कमी पडले. आता शिक्षिका आहे आणि पोरं तिला टरकून असतात. तिच्याबरोबर राहेलबाईही आल्या आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला लागल्या. ब्रदर त्याच आवारात दुरुस्तीची कामं बघायला राहत. एका आवारात दोघं, आणि बाई बोलत नाहीत. ताट वेळेवर जायचं, पण करुणाच्या हातून. ब्रदरही जेवून ताट स्वतः घासून ठेवायचे आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचे नाहीत.

मी एकदा मध्ये पडायचा प्रयत्न केला. राहेलबाई म्हणाल्या, ‘‘रशीद, तू आपली गाडी चालव.’’ मी गाडी चालवायला लागलो. पण त्यांच्या मनात काय सलतंय ते मला कधी नीट कळलं नाही. देवाला सोडून दवाखान्यात नेलं म्हणून पाय गेला, की शिकवणीपायी उशीर केला म्हणून गेला. मला वाटतं, त्यांनाही ते ठरवता आलेलं नव्हतं, आणि दोन्हीकडून गुन्हेगार एकच माणूस होता.

करुणाच्या बारावीच्या वर्षी सीईटीच्या तोंडावर ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा आला. त्यातल्या गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये फादर बारा माणसांचे पाय धुतात. येशूनं मरणाच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांचे धुतले होते म्हणून. फादरांनी म्हटलं, हे आपण हॉलमध्ये सगळे मिळून करू. येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा भाकरी आणि प्याल्याचा विधी असतो, त्यात त्या मंडळ्यांचं अजून एकमत नाही, ते आपापल्या चर्चमध्येच करतात, आणि त्याचं तिघांनाही वाईट वाटायचं. फादर म्हणाले, एका ताटात जेवता येत नाही तोवर एकमेकांचे पाय तरी धुऊ, त्याला कुणाचीच मनाई नाही. त्यांचे स्वतःचे गुडघे आता बारा वेळा वाकत नव्हते. म्हणून प्रत्येकानं चार-चार पोरांचे धुवायचे असं ठरलं. फादरांच्या पद्धतीप्रमाणं उजवा पाय धुवायचा.

पाणी ओतायचं काम माझ्याकडं. मी काही म्हणायच्या आत साहेबांनी तांब्या हातात दिला, म्हणाले, रशीद, तुझा हात सवयीचा आहे. खरं होतं. नमाजाआधी वजू करताना आम्हीही शेवटी पाय धुतो.

संध्याकाळी खुर्च्या मांडल्या. बारा पोरं-पोरी बसली. करुणा साहेबांच्या ओळीत होती. फादरांचं झालं, साहेबांचं सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात करुणा उठली आणि ब्रदरच्या ओळीतल्या जळकोटच्या एका पोराला उठवून त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. पोरगं गोंधळून तिच्या खुर्चीत गेलं. ब्रदर घमेल्याशेजारी गुडघ्यांवर बसले होते, त्यांनी पाहिलं. त्यांचे केस तोवर पिकले होते आणि हात सिमेंटनं फाटले होते.

तिची पाळी आली. तिनं डावा पाय पुढं केला. ब्रदरनी मान हलवली आणि उजव्याची चप्पल सोडली. रबराचा पाय तो, टाचेशी थोडा फाटलेला. मी तांब्या धरून थांबलो. आमच्यात जो अवयव नाही त्याची वजू माफ असते. मला वाटलं, सांगावं का यांना. पण ब्रदर ओंजळ धरून वाट बघत होते, म्हणून मी पाणी ओतलं. त्यांनी तो पाय धुतला. घोटा, टाच, तळवा, रबरात नुसत्या रेघा मारून दाखवलेली बोटं, सगळं, सावकाश, जिवंत पाय धुवावा तसं. टॉवेलनं पुसला. मग त्यावर कपाळ टेकलं आणि ते उठेचनात.

साहेबांनी पुढं यायला पाय उचलला आणि फादरांनी त्यांना हातानं थांबवलं. करुणा खाली बघत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. मी आयुष्यात मोठमोठ्या मशिदी पाहिल्या, नांदेडचा गुरुद्वारा पाहिला. देव इथं उभा आहे असं मला त्या हॉलमध्ये वाटलं, खोटं कशाला बोलू.

मागं स्वयंपाकघराच्या दाराशी राहेलबाई बसल्या होत्या. त्या उठल्या. पिठाचे हात पदराला पुसत, खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आल्या. आता ही म्हातारी काय बोलणार, याची मला धास्ती वाटली. त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि नातीच्या खुर्चीपाशी, ब्रदरच्या समोर, हळूहळू खाली बसल्या.

‘‘उठा, ब्रदर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता दुसरा बी धुवा. ही पोर मातीच्या वर हाय, ती तुमच्यामुळं.’’

ब्रदरनी मान वर केली. करुणानं डावा पाय पुढं केला, आणि राहेलबाईंनी आपल्या हातानं पाणी ओतलं.